ग्रहणाचा रोल

लगेजचं तिकीट काढा म्हटलं की माणसाले काहून राग येते, हे मले आजवर समजलं नाई. पेटी तुमची, वजन तुमचं, जागा माझ्या गाडीतली, अन् डोळे वटारता माझ्यावर!

थांबा, आधी माझं सांगते. मी धम्मदीपा, मंगरूळपीर डेपोची कंडक्टर. साहेबासमोर शुद्ध बोलते, कारण तिथं बोलाच लागते. इथं माझीच गोठ सांगून राह्यली, तर आपल्या बोलीत सांगीन. अन् मले धीर नाई, हे बी आधीच सांगते. चहा निवायची वाट नाई पाहात, जीभ भाजते तरी पिऊन घेते. आमचे अश्वजित म्हणतात, "तू शेंग उकलायच्या आधी दाणा मागतं." म्हणू द्या.

तर झालं असं. होळीच्या आधीचा आठवडा. कारंजाची गाडी शेलूबाजारले थांबली अन् एक पांढऱ्या मिशीचा बुढा पत्र्याची पेटी घेऊन चढला. पेटी दारातच ठेवली. तिचा असा वास, जशी बरणीतली कैरी आंबली.

"काय हाय याच्यात? लोणचं?" मी म्हटलं.

"निगेटिव्हा हायेत."

पुढच्या सीटवरची बुढी दचकून पदर नाकाले लावून बसली. "अवो माय, आता काहून? गेला ना थो करोना!"

"निगेटिव्ह म्हंजे बरं असते वो आजी," मागून एक पोट्टा वरडला. "पॉझिटिव्ह असला तर उतरवा!"

गाडीत हासणंच हासणं. बुढा मातर भडकला. "फोटोच्या निगेटिव्हा बे! दौलतसिंगचा स्टुडिओ होता शेलूबाजारात, तुह्या बापाचा लग्नाचा फोटो मी काढला असन." मंग माह्याकडे वळला. "कारंजाले भंगारवाला हाय, एक्सरेच्या पिच्चरमधून चांदी काढते. त्याले द्यायले चाललो. पोराले मोबाईलचं दुकान टाकायचं हाय, जागा खाली करून मागते."

मी तिकीट फाडलं. तेवढ्यात थे बुढी माह्या तोंडाकडे पाहून म्हणे, "ओठाले काय झालं वो बाई?"

हे मले रोज विचारतात. आधी ओठ पाहतात, मंग सुटे पैसे काढतात. माह्या वरच्या ओठावर नाकापासून एक पांढरी रेघ हाय. जन्मताच ओठ फाटलेला होता, मंग लहानपणी शिबिरात शिवला. माझं उत्तर ठरलेलं हाय.

"ग्रहण लागलं," मी म्हटलं अन् पुढं सरकली.

"ग्रहण?" दौलतसिंग म्हणे. "ग्रहणाचा एक रोल हाय याच्यात."

त्यानं पेटी उघडली. आत काळ्या काळ्या प्लास्टिकच्या डब्या, वरतून कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. रिठद, बारसं. मालेगाव, सत्कार. त्यातली एक डबी त्यानं माह्या हातावर ठेवली. चिठ्ठीवर लिव्हलं होतं: धनज, ग्रहण.

माह्या हातातली तिकिटाची मशीन खाली पडता पडता राह्यली.

का ते ऐका. आमी मूळचे धनजचे. मी पोटात होती, पाचवा महिना, अन् दिवाळीतलं थे मोठं सूर्यग्रहण आलं. तवा आमच्या बौद्धवाड्यातल्या पोट्ट्याईनं ठरवलं का ग्रहण पाळायचं नाई. चौकात चूल मांडायची, चिरायचं, शिजवायचं, खायचं, अन् वरतून सूर्याकडे बी पाहायचं. सगळा वाडा बाहेर. अन् माह्या मायनं, पंचफुला तिचं नाव, पोटुशी बाई असून इळी धरली अन् चौकात वांगी चिरली. म्हणून मी अशी जन्मली. हे मले आत्याबाईनं सांगतलं, दुर्गाबाईनं. मी रांगत होती तवा माय तापानं गेली, अन् बाबा मले घेऊन रिठदले आत्याबाईकडे आले. तिनंच मले वाढवलं. रिठदच्या शाळेत माझं नाव ग्रहणाची पोट्टी होतं.

मायचा फोटो म्हणाल तर एकच होता, भिंतीवरचा. वाळवीनं खाल्ला. खालचा अर्धा उरला होता. जोडवे घातलेले पाय, पातळाचा काठ, अन् हातातली पिशी. तोंड नाई.

आता मले बी पाचवा महिना लागला. वाशीमच्या डॉक्टरीणबाईनं ओठाकडे पाहून विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं असं?" मी म्हटलं, नाई. मंग तुमालेच कसं, म्हणे. मी ग्रहणाची गोठ सांगतली तर थे हासली. बाळाचा ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळून येते, पाचव्यात विळीनं काय होणार, म्हणे. डोक्याले पटलं. पोटाले नाई पटलं. तिकडे आत्याबाई माह्या घरी बाळंतपणापर्यंत राह्यले आली ते हेच घेऊन आली: होळीच्या दिवशी चंद्रग्रहण हाय, घरातून हालू नोको, सुई बी हातात धरू नोको.

मी तीस वर्सं त्या बाईवर चिडून हावो जिचं तोंड मी पाह्यलं नाई. राग करायले बी समोर तोंड लागते ना! मले एवढंच पाहायचं होतं. त्या दिवशी मायनं इळी धरली होती का नाई. अन् धरली असन, तर तिचं तोंड कसं होतं तवा. भीत होती, का हासत होती, का कोणी बळजबरीनं बसवली होती.

"काका, हा रोल तुमीच काढला?"

"मंग कोण! मंडळाच्या पोट्ट्याईनं बलावलं होतं, पेपरात छापायले. पेपरवाल्याईनं बातमीच घेतली नाई. मी धुतला, वाळवला, गुंडाळून डबीत टाकला. कोणी नेलाच नाई."

मी तिथंच, कारंजाच्या रस्त्यावर, डुगडुगत्या गाडीत, डबीचं झाकण उघडलं. आत फिल्मची चकली. टोक धरून ओढलं तर सुर्रकन् परत गुंडाळली गेली. आणखी जोरानं ओढलं तर कट् झालं अन् टोकाचा तुकडा माह्या बोटात आला.

"थांब बे!" दौलतसिंग असा वरडला का ड्रायव्हरनं ब्रेक मारला. "तीस वर्साची गुंडाळी हाय थे! कोरडी ठाक झाली. अशी ओढशीन तर सगळी तुकडे तुकडे होईन."

कारंजा येईलोक त्यानं मले सगळं समजावून सांगतलं. फिल्मची एक बाजू चमकते, एक मंद असते. मंद बाजूवर फोटो असते, तिले बोट लावायचं नाई, अन् फिल्म बी त्याच बाजूनं वळते. एक मोठा डबा घ्यायचा, तळाले ओला फडका, वर जाळी, जाळीवर फिल्म, झाकण पक्कं. "ओलं लागू द्यायचं नाई, ओलावा लागू द्यायचा," म्हणे. फिल्म नरम पडली का सहा-सहा फोटोच्या पट्ट्या कापायच्या, कोऱ्या कागदात ठेवायच्या, वरतून वजन, अन् मंग निवांत आठवडाभर विसरून जायचं. पेपर नाई वापरायचा, शाई चिकटते.

"आठवडाभर?" मी म्हटलं.

"मंग काय? तीस वर्सं वळली, एका दिवसात सरळ होईन?"

वापसीच्या फेरीत थोच बुढा, थेच पेटी. मी म्हटलं, काय झालं काका? "भंगारवाला जेवाले गेला होता," म्हणे, अन् खिडकीबाहेर पाहात बसला. मी लगेजचं तिकीट मातर फाडलं.

घरी आली ते पह्यले इडलीचं भांडं काढलं. तळाले ओला फडका, वर इडलीची जाळी, जाळीवर रोल. आत्याबाई भाजी निवडत होती.

"काय हाय थे?"

"धनजचा रोल. ग्रहणाच्या दिवसाचा. त्याच्यात माय असन."

आत्याबाईचा हात मेथीवरच थांबला. मंग म्हणे, "फेकून दे थे. मेल्या मानसाईचे जुने डाग घरात कायले आनतं, अन् तू अशी पोटुशी!"

"तुमी त भूतखेत मानत नाई ना आत्याबाई?"

"भूताचं कोन बोललं! वास येऊन राह्यला त्याचा." अन् मेथीची काडी अशी मोडली का पानं बी कचऱ्यात गेली.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली, तुमाले खोटं कायले सांगू. सकाळी उठली का झाकण उघडून पाहायची. ड्युटीवरून आली का चपला काढायच्या आधी झाकण. आत्याबाई म्हणे, "भात शिजून राह्यला का त्याच्यात, घडीघडी झाकन काढतं?" अश्वजित म्हणत, झाकण काढलं का ओलावा जाते, अशानं होळी काय पोळा उजाडन. मी त्याईच्यावर बी खेकसली. गाडीत एका बाईले पुढचं तिकीट द्यायचं त मागचं देल्लं, एका मास्तरले उतरा म्हटलं त थो बिचारा एक गाव आधीच उतरला. पोटातलं पोरगं बी जसं माझंच, लाथा मारून राह्यलं.

फिल्म नरम पडली खरी. अश्वजितनं अन् मी, दोघाईनं मिळून, कडा धरून, कैचीनं पट्ट्या कापल्या. बाहेरच्या पट्ट्या मवाळ होत्या. सगळ्यात आतली पट्टी मातर भलती जिद्दी, सोडली का परत वेटोळं. तिच्यावर काय हाय तेच दिसे ना. सगळ्या पट्ट्या कोऱ्या कागदात ठेवल्या, त्याच्यावर पाट, पाटावर आत्याबाईचा मसाला वाटायचा पाटा. मोप जड.

बाहेरच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशीच बऱ्यापैकी सपाट झाल्या. आमी काय करावं, अश्वजितच्या मोबाईलचा पडदा पांढरा केला, त्याच्यावर पट्टी ठेवली, माह्या मोबाईलनं फोटो काढला, अन् त्यातले रंग उलटे केले. काळ्याचं पांढरं झालं, पांढऱ्याचं काळं झालं, अन् धनजचा चौक समोर उभा राह्यला. 

अन् मंग मी डोक्याले हात लावला.

सगळे लोक वर पाहून राह्यलेले, अन् सगळ्याईच्या डोळ्यावर पट्टी! दौलतसिंगनं त्या दिवशी आपल्या दुकानातल्या वाया गेलेल्या निगेटिव्हा सगळ्याईले वाटल्या होत्या, ग्रहण पाहायले. तसं पाहणं डोळ्याले घातक असते हे आता सांगतात, तवा कोणाले माहीत. बाया, बुढे, पोट्टे, सगळ्याईनं दोन्ही हातानं फिल्म तोंडासमोर धरलेली. एका एका फोटोत दहा दहा माणसं, अन् तोंड एकाचंही नाई. मी फोनवर दौलतसिंगले म्हटलं, "काका, तुमी फोटो काढले का डोसके मोजले?" थो म्हणे, "मले काय माहीत, मी बी एका डोळ्यानं वरच पाहून राह्यलो होतो!"

राह्यली होती थे एकच पट्टी. आतली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आली त पाटावर पाटाच नाई. पाटा मोरीत, अन् त्याच्यावर आत्याबाई मिरच्या वाटून राह्यली. घरात मिक्सर हाय, वर्सभर त्यातलंच खाते. पट्टी पुन्हा गोल होऊन पाटावर पडलेली.

"आत्याबाई! पाटा काहून काढला?"

"ठेचा खावासा वाटला. मिक्सरच्या ठेच्याले चव नसते."

"तुमाले ॲसिडिटी हाय. तुमी ठेचा खात नाई."

"तुह्यासाठी करून राह्यली," म्हणे, अन् डोळ्यातलं पाणी पुसलं. मले वाटलं, मिरचीनंच आलं असन. मी पाटा धुवून, पुसून परत ठेवला, अन् त्याच्यावर वरवंटा बी ठेवला.

होळीच्या दिवशी सुट्टी होती. बाबा रिठदवरून सकाळीच निघाले, हरबऱ्याचे ढाळे घेऊन येतो म्हणाले. अश्वजित पुरणपोळ्याईचं सामान आणायले गेले. दौलतसिंगचा आठवडा व्हायले अजून दोन दिवस होते. मी पाट्याकडे पाहू नये म्हणून कपडे धुतले, डबे घासले, पंखा पुसला. मंग पाटा उचलला.

पट्टी मधात सरळ होती, टोकं वळलेली. थोडं थांबाले पायजे होतं. मी दोन बोटानं टोकं दाबली, मोबाईलवर बसावी म्हणून जराक ताणली, अन् टच् असा आवाज आला. काठापासून आत एक चीर गेली.

 मंग तशीच पट्टी मोबाईलवर ठेवून फोटो काढला, रंग उलटे केले.

चौकात चूल. चुलीमागं एक उंच माणूस, डोळ्यावर पट्टी, मान वर. त्याच्या पुढ्यात इळीवर एक बाई बसलेली. पोट पुढं आलेलं, एक पाय इळीच्या पाटावर, दोन्ही हातात वांगं. सगळ्या वाड्यात हिचेच दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून हिच्याच डोळ्यावर पट्टी नव्हती. सरळ कॅमेऱ्यात पाहून राह्यली होती. अन् हासत होती. भीत नव्हती, कोणी बसवली बी नव्हती. असं मोठ्ठं हासू, जसं आता काई तरी वरडून बोलणार हाय.

माय होती माझी. मले सांगायची गरज नव्हती कोणी.

अन् तिच्या वरच्या ओठातून, नाकापर्यंत, चीर.

मी काय केलं हे! तीस वर्सं वाट पाह्यली, दोन दिवस नाई पाहावले? मायचं तोंड दिसलं तेच मी माह्या हातानं फाडलं! मी पदर तोंडात कोंबून रडली. पोट आवळून आलं तरी रडली. आत्याबाई आतून धावत आली, "काय झालं वो? पोटात दुखते का?" अन् मोबाईलकडे पाहून उंबऱ्यातच थांबली.

मी डोळे पुसले अन् पट्टी पुन्हा उचलून उजेडात धरली. चीर कुठलोक गेली ते पाहायचं होतं. चीर काठावरून चुलीच्या धुरालोक गेलेली होती. तिथंच थांबली होती. मायच्या तोंडापर्यंत पोचलीच नव्हती.

मी पुढचा फोटो पाह्यला. माय वांगं टोपल्यात टाकून राह्यली, तोंड जरासं वळलेलं. ओठात तेच. त्याच्या पुढचा पाह्यला. मान मागं टाकून हासते, तोंड उघडं, वरचा ओठ मधातून दोन झालेला, दात दिसतात. तिन्ही फोटोत तेच. माह्या हातानं झालं असतं तर एकात असतं.

चीर फिल्मची नव्हती. मायच्या ओठाची होती.

मी माह्या ओठावरच्या रेघेवर बोट ठेवलं. त्याच जागी. त्याच बाजूनं.

बाहेर चपला वाजल्या. बाबा आले, खांद्यावर ढाळ्याचा भारा. "जयभीम बेटा," म्हणाले, अन् आमा दोघींचे चेहरे पाहून भारा खाली ठेवायचाच राह्यला. मी मोबाईल त्याईच्या हातात देल्ला.

बाबानं चष्मा काढला, घातला. पडद्यावर अंगठा ठेवला, फोटो मोठा झाला. देवमन म्हणजे आमचे बाबा, मी त्याईले कधी रडताना पाह्यलं नव्हतं अन् मायचं नाव घेतानाही ऐकलं नव्हतं.

"पंचफुला," म्हणाले. "हासली का असंच दिसे तिचं."

मी आत्याबाईकडे वळली. 

"आत्याबाई, त्या फोटोले वाळवी कुठं लागली होती? फक्त तोंडालेच?"

आत्याबाई उंबऱ्यावर बसली. हातातल्या बांगड्या फिरवल्या.

"वाळवी नाई वो," म्हणे. "मीच कापला. इळीनं."

"काहून?"

"तू दोन वर्साची होती. ओठ शिवून आनला, अन् शेजारची सोजरबाई विचारे, हिच्या मायले होतं का असं? मले धस्स झालं. आमाले का समजत नव्हतं? आमी दीक्षा घेतलेल्या घरचे, आमी कुठं ग्रहन मानतो! पन लोक मानतात ना. ग्रहन म्हटलं का गोठ तिथंच मिटते. एका दिवसाची चूक, एकाच पोरीचं नशीब. मायचं हाय म्हटलं असतं त लोक म्हनले असते वंशातच हाय, पोरीच्या पोरीले होईन. कोन बायको केली असती तुले? म्हनून मी सांगतलं, ग्रहन. देवमनले म्हटलं, तू चूप राह्य."

"अन् मी चूप राह्यलो," बाबा म्हणाले. "धनजले परत गेलो नाई तेच यासाठी. रिठदले कोणी तिले पाह्यलं नव्हतं."

मी अशी चिडली का माझा आवाज शेजारपाजारले गेला असन. "तुमी ग्रहण मानत नाई, अन् मले तीस वर्सं ग्रहण खाऊ घातलं! मी तिच्यावर चिडली, आत्याबाई! शाळेत पोट्ट्या चिडवत तवा मी घरी येऊन त्या अर्ध्या फोटोतल्या पायाले शिव्या देल्ल्या. तिनं फक्त वांगी चिरली होती! अन् हासत होती! अन् तुमी तिचंच तोंड कापलं!"

आत्याबाईनं वर पाह्यलं नाई. "भेव वाटलं वो मले," एवढंच म्हणे. "तुह्यासाठी वाटलं."

हे बी खरं होतं, काय करता. माह्या दुखण्यात, परीक्षेत, लग्नात थेच बाई उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन बसली नाई. पण उठून बी गेली नाई. बाबा उभेच होते, भारा खांद्यावरच, अन् अंगठ्यानं फोटो लहान-मोठा करून राह्यले होते.

संध्याकाळी चंद्र उगवला तो ग्रहण घेऊनच उगवला. आत्याबाईनं दार लोटायले हात पुढं केला, अन् मंग तसाच मागं घेतला. मी अंगणात इळी मांडली. पोटामुळं बसायले त्रास होते, बाबानं पाट देल्ला. वांगी होती दोन, थे चिरली. मोठं काई केलं नाई, भाजीच करायची होती. आत्याबाई उंबऱ्यातून म्हणे, "बारीक चिर. तुह्या मायसारख्या मोठ्या फोडी नोको करू, शिजत नाईत." मी हातातलं वांगं तसंच धरून तिच्याकडे पाह्यलं. धनजचं तिनं कधी काई सांगतलं नव्हतं, इळीशिवाय.

डॉक्टरीणबाईले मी फोन केला, माह्या मायले होतं म्हटलं. थे म्हणे, बरं झालं सांगितलं, सोनोग्राफीत ओठ नीट पाहू, नसेलही, असला तर आता लवकर शिवतात. पट्ट्या मी दौलतसिंगच्या बटर पेपरच्या पाकिटात ठेवल्या, पाकिटं पुठ्ठ्याच्या डब्यात, डबा कपाटात, डांबरगोळ्याईपासून दूर. आतली पट्टी मातर परत पाट्याखाली ठेवली. टोकं अजून वळतात. आता मी झाकण काढून पाहात नाई, म्हणजे रोज नाई पाहात.

होळीनंतर पह्यली ड्युटी. शेलूबाजारले गाडी गच्च भरली. खिडकीजवळच्या एका बाईनं सुटे पैसे काढता काढता माह्या तोंडाकडे पाह्यलं, अन् विचारलंच.

"ओठाले काय झालं वो बाई?"

मी मशीनवर बोट ठेवलं होतं, थे उचललं.

"माह्या मायचा हाय," मी म्हटलं, अन् तिचं तिकीट फाडलं.